ओठामागची चुणी

दुसरी-तिसरीतल्या मुलांचा वर्गाचा फोटो पाहिला की हसणाऱ्या अनेक चेहऱ्यांवर एक गोष्ट हमखास दिसते. वरचे दोन मोठे दात नुकतेच आलेले असतात आणि त्यांच्या मधोमध फट असते. आजी म्हणते, फट असलेलं पोर नशीबवान. आई मात्र धसका घेते आणि दाताच्या डॉक्टरांकडे जाते. डॉक्टर पोराचा वरचा ओठ दोन बोटांत धरून उचलतात, क्षणभर आत बघतात आणि म्हणतात, "आत्ता काही करायचं नाही. बारावं लागेपर्यंत थांबा." पुढच्या मुलाची फटही दिसायला तेवढीच. त्याचाही ओठ उचलून बघतात, पण त्याच्या आईला सांगतात, "आतली पट्टी पुढेमागे कापावी लागेल असं दिसतंय." फट सारखी, डॉक्टर तेच, मग सल्ला वेगळा का?

ओठ उचलला की काय दिसतं

आरशासमोर उभं राहून स्वतःचा वरचा ओठ वर ओढून पाहा. ओठाच्या आतल्या बाजूपासून हिरडीपर्यंत मधोमध एक पातळ उभी पट्टी ताणली गेलेली दिसेल. दंतवैद्यकात तिला फ्रीनम म्हणतात. अशाच पट्ट्या खालच्या ओठामागे, दोन्ही गालांच्या आत उपदाढांच्या समोर आणि जिभेखाली असतात. जिभेखालची पट्टी आखूड असली तर 'जीभ चिकटली आहे' असं आपल्याकडे म्हणतात. तो विषय मोठा आहे, त्यामुळे इथे ओठ आणि गाल यांच्यापुरतंच बोलू.

ही पट्टी म्हणजे तोंडाच्या आतल्या मऊ अस्तराला पडलेली चुणी. ब्लाउजचं अस्तर सैल शिवलं तर शिवणीपाशी जशी चुणी पडते, तशी. आत भरलेले असतात ते मुख्यतः कोलॅजनचे चिवट धागे आणि थोडे लवचीक तंतू. मोठी रक्तवाहिनी नाही, महत्त्वाची नस नाही. म्हणूनच ती कापण्याची शस्त्रक्रिया 'छोटी' ठरते, आणि कापल्यावर ओठाचं कुठलंही काम अडत नाही. चालायला लागलेली मुलं तोंडावर आपटतात तेव्हा बऱ्याचदा ही वरची पट्टीच फाटते. रक्त इतकं येतं की घरचे हादरतात, पण स्वच्छ कापडाने काही मिनिटं दाबून धरलं की ते थांबतं आणि जखम बहुतेक वेळा टाका न घालता भरून येते. (अजून रांगतही नसलेल्या बाळाची पट्टी फाटलेली दिसली, तर मात्र डॉक्टर बारकाईने चौकशी करतात. पडण्याचं वयच नसताना ती फाटली कशी, हा प्रश्न रास्तच आहे.)

चुणी जागेवरच असते, हाड सरकतं

गर्भाच्या तिसऱ्या महिन्यात वरच्या ओठाच्या मध्यापासून निघालेला एक पट्टा हिरडीच्या कडेवरून थेट टाळूच्या पुढच्या उंचवट्यापर्यंत गेलेला असतो. पुढे जबड्याची कड वाढते आणि हा पट्टा मधोमध तुटल्यासारखा होतो. टाळूकडचा भाग तिथेच राहतो, ओठाकडचा फ्रीनम बनतो. नवजात बाळात तो बहुधा हिरडीच्या अगदी कडेजवळ चिकटलेला दिसतो. ते पाहून घाबरणारे पालक आता बरेच भेटतात, कारण मोबाइलवर 'लिप टाय' हा शब्द कुणीतरी त्यांना दाखवलेला असतो.

दात येऊ लागले की त्यांना धरणारं हाड त्यांच्याबरोबर खाली वाढतं. चुणी होती तिथेच राहते. हिरडीची कड तिच्यापासून लांब जाते, म्हणून चुणी वर सरकल्यासारखी वाटते. पहिल्या वर्षी कडेला टेकलेली पट्टी दहाव्या वर्षी बरीच वर दिसते ती यामुळे. या विषयातला निम्मा गोंधळ एवढं लक्षात ठेवल्याने मिटतो. लहान वयात 'खाली चिकटलेली' पट्टी हा आजार नसतो, ते त्या वयाचं रूप असतं.

फटीचंही असंच. साधारण सात ते बारा वर्षांच्या दरम्यान वरचे सुळे अजून हाडात वर अडकलेले असतात आणि खाली उतरताना शेजारच्या दातांच्या मुळांना आत रेटतात. मुळं आत गेली की त्याच दातांची टोकं बाहेर फाकतात आणि पंख्यासारखे पसरलेले दात, मध्ये फट, असं ध्यान तयार होतं. ब्रॉडबेंट या अमेरिकी दंततज्ज्ञाने १९३७ साली या अवस्थेचं वर्णन केलं आणि ती 'कुरूप बदकाची अवस्था' म्हणून पाठ्यपुस्तकांत गेली. अकरा-बारा वर्षांच्या सुमारास सुळे खाली आले की तेच दातांना उलट बाजूने दाबतात आणि दोन मिलिमीटरपर्यंतची फट बहुधा आपोआप मिटते. त्याहून मोठी फट पूर्ण मिटण्याची शक्यता कमी.

ओठ ओढल्यावर पांढरं पडतं का?

पहिल्या मुलाचा ओठ उचलल्यावर डॉक्टरांना पट्टी हिरडीच्या वरच्या भागातच संपलेली दिसली. दुसऱ्याच्या बाबतीत ती दोन दातांच्या मधल्या हिरडीतून घुसून टाळूच्या बाजूला गेलेली होती. हे ओळखायला यंत्र लागत नाही. ओठ वर आणि पुढे ताणायचा आणि दोन दातांमधल्या हिरडीकडे, तसंच दातांच्या मागच्या उंचवट्याकडे पाहायचं. तिथला गुलाबी रंग उडून पांढरा डाग पडला तर पट्टीचे धागे तिथपर्यंत पोचलेत आणि ओढले जाताना बारीक रक्तवाहिन्या चिमटतात, असा अर्थ. प्लासेक आणि सहकाऱ्यांनी १९७४ साली पट्टी कुठे संपते त्यावरून तिचे चार प्रकार केले, ते आजही वापरले जातात: अस्तरात संपणारी, हिरडीत संपणारी, दातांमधल्या हिरडीच्या टोकापर्यंत येणारी आणि त्यातून आरपार जाणारी. काळजीचे ते शेवटचे दोन.

आरपार गेलेली पट्टी फट मिटू का देत नाही? शेजारशेजारच्या दातांना हिरडीच्या आतून जोडणारे धागे असतात आणि ते दातांना एकमेकांजवळ धरून ठेवतात. या दोन दातांच्या मधोमध जाड चुणी घुसली की त्या धाग्यांची सलग वीण खंडित होते.

तरीही सगळा दोष पट्टीवर टाकायची घाई नको. दोन दातांमध्ये हाडात दडलेला एखादा जादा दात, बाजूचे दात मुळातच बारीक असणं किंवा नसणं, अंगठा चोखणं, जिभेने दात ढकलायची सवय, नाहीतर जबडा मोठा आणि दात लहान, यांपैकी कशानेही फट पडते. म्हणून एक्स-रे न काढता पट्टी कापायला निघालेल्या माणसापासून चार पावलं लांब राहावं, असं माझं मत आहे.

आता क्रम. अनेकांना वाटतं, आधी पट्टी कापली की दात जवळ येतील. बहुतेक तज्ज्ञ उलट करतात. आधी तारा लावून फट मिटवतात, मग पट्टी काढतात. कापलेल्या जागी जो व्रण तयार होतो तो घट्ट असतो आणि फट उघडी असताना तो मध्ये बसला तर दातांना जवळ यायला त्याचीच अडचण होते. फट मिटल्यावर तोच व्रण दातांना जागेवर धरायला मदत करतो. पट्टी इतकी जाड असेल की तारांनाही दाद देत नाही किंवा दात सरकवताना चिमटून दुखते, तर अपवाद करावा लागतो. आणि शस्त्रक्रिया झाली तरी दातांच्या मागे बारीक तार चिकटवून ठेवावी लागते, कारण मिटलेली फट पुन्हा उघडण्याची खोड फार.

खुर्चीत नेमकं काय होतं

या शस्त्रक्रियेचं नाव फ्रेनेक्टॉमी. पट्टीला नुसती चीर दिली तर फ्रेनॉटॉमी. मुळापासून काढली तर फ्रेनेक्टॉमी. मोठ्यांमध्ये आणि समजूतदार मुलांमध्ये ती जागेवरच्या भुलीने होते. लिग्नोकेनच्या इंजेक्शनमध्ये थोडं अ‍ॅड्रेनॅलिन मिसळलेलं असतं, त्याने तिथल्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. भूल जास्त वेळ टिकते आणि रक्त कमी येतं.

नेहमीच्या पद्धतीत डॉक्टर पट्टी एका बारीक चिमट्यात आडवी पकडतात आणि चिमट्याच्या वरून व खालून काप देतात. मधला त्रिकोणी तुकडा सुटून येतो. पाहणाऱ्याला दचकवणारी गोष्ट नंतर घडते. काप बारीक दिलेला असतो, पण जखम पतंगाच्या आकाराची मोठी उघडते. घाबरायचं कारण नसतं. ताणून धरलेलं अस्तर सुटलं की ते दोन्ही बाजूंना मागे सरतं, एवढंच. मग हाडावर चिकटलेले धागे सोडवतात. हे काम अर्धवट झालं तर पट्टी परत चिकटते. पहिला टाका सगळ्यात खोल जागी, ओठ आणि हिरडी जिथे मिळतात तिथे, हाडावरच्या पातळ आवरणाला पकडून घालतात. ती जागा वर बांधली गेली नाही तर ओठामागची खोली कमी होते. खालचा भाग घट्ट हिरडीवर येतो, तिथे टाका बसत नाही. तो उघडाच ठेवतात आणि स्वतःहून भरू देतात. अर्ध्या तासाच्या आत काम आटोपतं.

सरळ शिवणीचा तोटा

चुणी छोटी असेल तर ही पद्धत पुरते. रुंद आणि आखूड असेल तर सरळ उभी शिवण नडते. जखम भरताना त्यातल्या पेशी नवे धागे विणतात आणि विणतानाच जखमेच्या कडा आवळून धरतात. सरळ व्रण त्याच्या लांबीच्या दिशेने आखडतो, आणि आखडला की ओठ पुन्हा खाली ओढला जातो. मग केलं काय?

यावर उत्तर आहे झेड आकाराचा काप. मधला उभा काप चुणीच्या रेषेवर आणि त्याच्या दोन टोकांना, विरुद्ध बाजूंना, तेवढ्याच लांबीचे दोन तिरके काप. यातून अस्तराचे दोन त्रिकोणी पदर सुटतात. त्यांची अदलाबदल करून शिवलं की आधीची उभी रेषा आडवी होते आणि आजूबाजूचं सैल अस्तर ओढून घेऊन ओठाच्या दिशेने लांबी वाढते. कोन साठ अंशांचे ठेवले तर कागदावरच्या हिशेबाने ही वाढ पंचाहत्तर टक्के भरते. प्रत्यक्ष तोंडात तेवढी मिळत नाही, पण ओठ मोकळा व्हायला पुरेशी मिळते. भाजल्यावर आखडलेली कातडी सोडवताना प्लास्टिक सर्जन हीच युक्ती वापरतात.

लेसरचा बोलबाला मोठा आहे. डायोड लेसरचा प्रकाश रक्तातल्या आणि कातडीतल्या रंगद्रव्यात शोषला जातो, कार्बन डायऑक्साइड लेसरचा पाण्यात. दोन्हींत पेशी तापून विरतात आणि बारीक रक्तवाहिन्या तिथल्या तिथे बंद होतात. टाके बहुधा लागत नाहीत, रक्त जवळजवळ येत नाही आणि पहिल्या काही दिवसांत दुखणं कमी असल्याचं तुलनात्मक अभ्यासांत दिसलं आहे. लहान मुलांसाठी हा मोठाच फायदा. पण उष्णतेने भाजलेली कड सुरुवातीला जरा सावकाश भरते. आणि लेसरच्या हाती दिलं म्हणून न कापण्याजोगी पट्टी कापण्याजोगी होत नाही.

+----------------------------------+
चौकट : कापल्यानंतरचे पंधरा दिवस

पहिल्या दिवशी गार आणि मऊ खावं: दही-भात, गार खीर, आइस्क्रीम. गरम चहा, तिखट, कुरकुरीत चिवडा नको. जोराने चूळ भरू नये, थुंकत राहू नये.

भूल उतरेपर्यंत मुलांवर नजर ठेवा. बधिर ओठ चावून मुलं स्वतःला मोठी जखम करून घेतात.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जखमेवर पांढरट-पिवळट थर दिसतो. तो पू नसतो. तो जखम भरतानाचा थर आहे, खरवडू नका.

न विरघळणारे टाके साधारण आठवड्याने काढतात. न थांबणारं रक्त, वाढती सूज, ताप किंवा दुर्गंधी आली तर फोन करा.
+----------------------------------+

तान्ह्या बाळाचा ओठ

सगळ्यात जास्त घाई इथे होते. बाळ नीट पीत नाही, आईच्या स्तनाग्राला चिरा पडल्यात, रात्रीची झोप नाही, आणि कुणीतरी बाळाचा ओठ उचलून म्हणतं, "बघा, पट्टी किती खाली आहे!" खाली असणारच. अमेरिकेत २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात शंभर नवजात बाळं तपासली, आणि ठळक पट्टी सगळ्यांच्याच ओठामागे होती. नुसती पाहून ती किती 'गंभीर' आहे हे ठरवण्यावर तज्ज्ञांचंही आपसांत नीट जुळलं नाही. अमेरिकेतल्या कान-नाक-घसातज्ज्ञांच्या अकादमीने २०२० साली आपल्या तज्ज्ञांचं एकमत जाहीर केलं. बाळांमध्ये वरच्या ओठाची पट्टी असणं स्वाभाविक आहे आणि गालातल्या पट्ट्या कापू नयेत, असं त्यात आहे.

दूध ओढण्याचं मुख्य काम जीभ आणि खालचा जबडा करतात. वरच्या ओठाने स्तनावर नुसतं सैल टेकावं लागतं. म्हणून आधी बाळ धरण्याची पद्धत, तोंड किती उघडतं, स्तनाचा किती भाग तोंडात जातो हे स्तनपानाच्या जाणकार नर्सकडून किंवा डॉक्टरांकडून पाहून घ्यावं. बाळंतिणीच्या खोलीत सल्ले देणारे पुष्कळ असतात, शेजारी बसून पाहणारं कुणी नसतं. जिभेची पट्टी खरोखर आखूड असेल तर ती तपासणी वेगळी आणि गरजेची.

पहिले दात आल्यावर एक व्यावहारिक अडचण येते. ब्रश वरच्या पट्टीवर घासला की झोंबतं आणि मूल तोंड मिटून घेतं. ब्रश करताना आपल्या तर्जनीने ती पट्टी झाकून धरा. निम्मी भांडणं तिथेच संपतात.

आजोबांची कवळी का उडते

साठी-सत्तरी ओलांडलेल्यांच्या तोंडात हीच चुणी पुन्हा त्रास देते, आणि कारण जुनंच आहे. दात पडले की त्यांना धरणारं हाड झिजत जातं. लहानपणी दातांबरोबर जे खाली वाढलं ते आता मागे सरतं आणि जागेवरच थांबलेली पट्टी पुन्हा कडेजवळ दिसू लागते. पूर्ण कवळी लाळेच्या पातळ थरावर आणि कडेने हवा आत न जाण्यावर टिकून असते. हसताना किंवा बोलताना ओठाची आणि गालातली पट्टी खाली येऊन कवळीची कड उचलते, हवा शिरते आणि ऐन लग्नाच्या पंगतीत कवळी निसटते. यासाठी कवळीच्या कडेला खाच ठेवतात. पण पट्टी फार खाली असेल तर खाच खोल करावी लागते, आणि खोल खाचेपासून कवळीला मधोमध तडा जातो. कवळी वारंवार तिथेच मोडत असेल तर नवी करण्याआधी पट्टी काढून टाकणं शहाणपणाचं. गालातली पट्टी कापण्याचं सगळ्यात रास्त कारण माझ्या मते हेच.

खालच्या पुढच्या दातांची हिरडी उतरण्याचा दोषही पट्टीला देतात. ओठ ओढल्यावर हिरडीची कड दातापासून सुटताना दिसली तर त्यात तथ्य असतं, कारण तिथे कीट साचतं आणि ब्रश पोचत नाही. पण मुळात हिरडी पातळ असणं आणि घाण साचणं ही मोठी कारणं. नुसती पट्टी कापून उतरलेली हिरडी वर चढत नाही, त्यासाठी बऱ्याचदा टाळूवरून हिरडीचा तुकडा घेऊन तिथे लावावा लागतो.

गाल आवळतो तेव्हा

"डॉक्टर, गाल आत ओढल्यासारखा वाटतो, तोंड पूर्ण उघडत नाही, ती पट्टी कापून टाका ना." महाराष्ट्रातल्या दंत महाविद्यालयांच्या बाह्यरुग्ण विभागात हे वाक्य नवीन नाही, आणि ते म्हणणारा बहुतेकदा तरुण असतो. त्याच्या गालात जे लागतं ती जन्मजात चुणी नसते. तिथे अस्तरच कडक झालेलं असतं. ओरल सबम्युकस फायब्रोसिस हा तो आजार. श्वार्ट्झ यांनी १९५२ साली पूर्व आफ्रिकेतल्या भारतीय स्त्रियांमध्ये त्याची नोंद केली, आणि पुढच्याच वर्षी मुंबईच्या डॉ. एस. जी. जोशी यांनी इथल्या रुग्णांवर लिहिलं.

कारण सुपारी. तंबाखू नसलेली, 'साधी', गोड, भाजलेली, कुठलीही. सुपारीतलं अरेकोलीन हे द्रव्य धागे विणणाऱ्या पेशींना जास्त विणायला लावतं. सुपारीत तांबंही भरपूर असतं, आणि कोलॅजनचे धागे एकमेकांत गुंफून पक्के करणाऱ्या विकराला ते चालना देतं. धागे जास्त, पक्के आणि शरीराला न विरघळवता येणारे. गालाचं अस्तर पांढरट पडतं, बोट फिरवलं की ताठ दोऱ्या लागतात, तिखट अजिबात सोसत नाही आणि तोंड हळूहळू मिटत जातं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली तंबाखूविरहित सुपारीलाही कर्करोगकारक ठरवलं, आणि हा आजार असलेल्या काहींच्या तोंडात पुढे कर्करोग होतो. महाराष्ट्राने २०१२ पासून गुटख्यावर बंदी घातली आहे. पानटपरीवर मसाल्याची पुडी वेगळी आणि तंबाखूची वेगळी घेऊन ती हातावर कशी एकत्र केली जाते, हे सगळ्यांना माहीत आहे.

इथे शस्त्रक्रिया आहे, पण ती अर्ध्या तासाची नाही. पूर्ण भूल देऊन दोन्ही गालांतल्या दोऱ्या कापतात, तोंड उघडतात आणि उघड्या पडलेल्या जागेवर गालातली चरबी किंवा नाकाशेजारच्या कातडीचा पदर आणून बसवतात. त्यानंतर कित्येक महिने रोज तोंड उघडण्याचा व्यायाम करावा लागतो. तो टाळला किंवा सुपारी पुन्हा सुरू झाली, तर गाल परत आवळतो.

घरातल्या प्रत्येकाला एकदा तोंड उघडून आपली तीन बोटं उभी, एकावर एक, समोरच्या दातांमध्ये घालायला सांगा. सहज गेली तर ठीक. ज्याची जात नाहीत आणि जो सुपारी खातो, त्याने आजच सुपारी बंद करावी आणि याच आठवड्यात जवळच्या दंत महाविद्यालयात जाऊन तपासून घ्यावं.